भांड्यातील मेणबत्तीची वात तळाशी पक्की कशी बसवावी

घरी मेणबत्ती करताना मेण, रंग आणि सुगंध यांवर पुष्कळ विचार होतो. वात मात्र अखेरच्या क्षणी भांड्याच्या तळाशी कशीबशी टेकवली जाते आणि मेण ओतताना ती उभी राहिली की काम झाले, असे मानले जाते. ओतताना वात उभी ठेवणे तसे सोपे असते. वातीच्या पकडीची खरी परीक्षा होते ती मेणबत्ती संपत आल्यावर. भांड्यात निम्म्याहून अधिक घट्ट मेण शिल्लक असते तोवर वातीचा खालचा भाग त्या मेणातच रोवलेला असतो, त्यामुळे चिकटवणी निकामी झाली असली तरी बाहेरून काही कळत नाही. मेण तळाशी जेमतेम दोन बोटे उरले की तापल्यावर ते सगळेच्या सगळे पातळ होते आणि मग वातीला धरून ठेवायला तळाच्या चिकटवणीशिवाय दुसरे काहीही नसते.

ती चिकटवणी सुटलेली असेल, तर वात तिच्या पत्र्याच्या चकतीसकट कलते किंवा सरकत सरकत काचेला जाऊन टेकते. ज्योत काचेला चाटू लागली की काचेचा तेवढाच भाग अतिशय तापतो, बाजूचा भाग त्या मानाने थंड राहतो आणि या तफावतीने काचेला तडा जातो. मेणबत्ती तडकून गरम मेण टेबलावर पसरण्याचे प्रसंग पुष्कळदा असे शेवटच्या टप्प्यात घडतात. म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर वस्तू किंवा पद्धत निवडताना, ‘तळाचे सगळे मेण गरम आणि पातळ असताना हे टिकेल का?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. मेण ओतताना टिकणाऱ्या बऱ्याच युक्त्या या प्रश्नापुढे टिकत नाहीत.

वात आणि तिची चकती

वातीच्या खालच्या टोकाला पत्र्याची जी गोल चकती असते, तिच्या मधोमध एक छोटी नळी वर आलेली असते. तिला आपण चकतीची मान म्हणू. वात या मानेतून वर येते आणि मान पकडीने दाबून वात तिच्यात आवळलेली असते. चकतीचे पहिले काम वातीला उभे राहण्यासाठी पाया देणे हे आहे, हे सहज लक्षात येते. दुसरे काम मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वात पातळ मेण वर शोषून घेते आणि त्यावरच ज्योत जळते. मेणाची पातळी मानेच्या वरच्या कडेखाली गेली की पत्र्याच्या भिंतीमुळे मेण बाजूने वातीत शिरू शकत नाही, इंधन तुटते आणि ज्योत आपोआप विझते. म्हणजेच तळाशी थोडे मेण राखून मेणबत्ती स्वतःहून विझावी, अशी ही व्यवस्था आहे. या कारणाने उंच मानेची चकती नेहमी अधिक सुरक्षित ठरते. बाजारात ३ मिलिमीटरपासून १२-१३ मिलिमीटरपर्यंत उंच मानेच्या चकत्या मिळतात. पसरट, छोट्या टी-लाइटसाठी कमी उंचीची मान चालते, पण काचेच्या भांड्यासाठी ६ मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची मान घेऊ नये, आणि शक्य असेल तर त्याहूनही उंच घ्यावी. तळाशी थोडे मेण वाया जाते अशी तक्रार होते, पण तेवढे मेण वाया जाणेच योग्य आहे.

चकतीचा व्यासही पाहून घ्यावा. १५ मिलिमीटरची चकती अरुंद भांड्यात बसते. २० मिलिमीटर हे सर्वसाधारण माप आहे. भांडे उंच असेल आणि वात जाड असेल, तर त्याहून मोठी चकती वातीला अधिक स्थिर ठेवते, कारण चिकटण्यासाठी तिला अधिक जागा मिळते.

चकती लावलेली, मेणात बुडवून ताठ केलेली तयार वात विकत मिळते आणि नवख्याने तीच वापरावी. लांब वात आणि सुट्या चकत्या आणून हे काम घरी करायचे असेल, तर आधी वातीला मेण पाजून घ्यावे. ज्या मेणाची मेणबत्ती करायची तेच मेण साधारण ७० ते ८० अंश सेल्सियसपर्यंत वितळवून त्यात वात सोडावी. वातीतून बारीक बुडबुडे वर येताना दिसतात, ती तिच्यात अडकलेली हवा असते. बुडबुडे थांबले की वात चिमट्याने बाहेर काढून निथळू द्यावी आणि मेण कोमट असतानाच तिची दोन्ही टोके धरून ती हलकेच ताणून सरळ करावी, मग बेकिंगच्या कागदावर आडवी ठेवून द्यावी. थंड झाल्यावर ती काडीसारखी ताठ होते. ताठ वात मेण ओतताना वाकत नाही आणि पहिल्यांदा पेटवल्यावर लगेच नीट जळू लागते.

त्यानंतर वातीचे टोक धारदार कात्रीने काटकोनात कापून चकतीच्या खालच्या बाजूने मानेत घालावे, वात वर ओढून घ्यावी आणि मान पकडीने दोन बाजूंनी दाबावी. चकती थोडी फिरवून पुन्हा एकदा दाबावी. आता चकती उलटी करून खालची बाजू पाहावी. वातीचे टोक चकतीच्या पातळीच्या खाली एक मिलिमीटर जरी बाहेर आलेले असेल, तरी चकती तळावर सपाट बसणार नाही. ती त्या टोकावर डुगडुगते, चिकटवणी एकाच बाजूला लागते आणि वात पहिल्यापासून तिरकी उभी राहते. वाढलेले टोक ब्लेडने सपाट कापून टाकावे. उलट, वात मानेत खूप वर राहिली असेल, तर ती पुरेशी आवळली जात नाही आणि वरून ओढताच मानेतून निसटते. दोन बोटांनी वात आणि चकती विरुद्ध दिशांना ओढून पाहावी. एवढ्याने सुटणारी वात भांड्यात घालण्याच्या लायकीची नसते.

वातीच्या मध्यभागी कागदाचा, सुताचा किंवा जस्ताच्या तारेचा गाभा असू शकतो. गाभ्याची वात बिनगाभ्याच्या वातीपेक्षा ताठ राहते, म्हणून उंच भांड्यात ती सोयीची पडते. एके काळी या कामासाठी शिशाची तारही वापरली जाई. जळताना तिच्यातून शिसे हवेत मिसळत असल्याने अमेरिकेने २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली. जुन्या सामानात सापडलेली, धातूची तार असलेली आणि कुठली ते ठाऊक नसलेली वात त्यामुळे न वापरलेलीच बरी.

चकतीऐवजी वॉशर, नट किंवा वाकवलेली कागदाची क्लिप लावण्याच्या युक्त्या सर्रास सांगितल्या जातात. या वस्तू वातीला वजन देतात हे खरे, पण त्यांना मान नसल्याने ज्योत थेट तळापर्यंत जळत जाते. काचेच्या भांड्यात तरी या युक्त्या टाळाव्यात.

भांड्याचा तळ

चिकटवणी कितीही उत्तम असली तरी तेलकट किंवा धुळकट तळावर ती टिकत नाही. भांडे साबणाच्या गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि मग तळाची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. नवे कोरे भांडेही पुसून घ्यावे, कारण त्यात कारखान्यातील धूळ आणि तेलाचा पुसट थर असू शकतो. तळ पुसल्यानंतर तिथे बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकटपणाही पुरेसा असतो. वापरलेल्या बरणीत जुन्या मेणाचा अंश राहिला असेल तर तो आधी गरम पाण्याने वितळवून कागदाने टिपून घ्यावा. असे पाणी मोरीत ओतू नये, कारण मेण नळीत थिजून बसते.

तळाचा आकार बोटाने चाचपून पाहावा. पुष्कळ काचेच्या बरण्यांचा तळ मध्यभागी घुमटासारखा वर आलेला असतो आणि सपाट चकती त्यावर फक्त मधल्या बिंदूवर टेकते. अशा तळावर पातळ स्टिकर जवळजवळ निरुपयोगी असतो. तिथे पोकळी भरून काढणारा पदार्थ, म्हणजे सिलिकॉन किंवा भरपूर ग्लू, वापरावा लागतो. तळ सपाट करण्यासाठी आधी मेणाचा पातळ थर ओतून त्यावर चकती बसवण्याचा मोह होतो, पण तो थर शेवटी वितळणारच आहे. मातीच्या आणि सिमेंटच्या भांड्यांचा तळ सच्छिद्र असतो आणि त्यावर बारीक भुकटी असते. तो आधी उष्णता सहन करणाऱ्या सीलरने बंद करून पूर्ण वाळू द्यावा. पत्र्याच्या डबीचा तळ बहुधा सपाट असतो आणि ती तडकण्याची भीती नसते, म्हणून शिकण्यासाठी ती सगळ्यांत सोपी.

कशाने चिकटवावे

घरात सर्वांत आधी आठवतो तो उपाय म्हणजे वितळलेल्या मेणाचा थेंब टाकून त्यावर चकती दाबून बसवणे. तो टिकत नाही आणि त्याचे कारण सरळ आहे. भांड्यासाठी वापरले जाणारे सोया मेण साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते आणि ओतले जाते ते त्याहून गरम असते. त्यामुळे नवे मेण आत पडताच खालचा थेंब मऊ होतो आणि चकती तरंगल्यासारखी सरकते. मधमाश्यांच्या मेणाचा थेंब ६२ ते ६४ अंशांना वितळतो, म्हणून सोया मेण बरेच निववून ओतल्यास तो कसाबसा तग धरतो, पण मेणबत्तीच्या शेवटच्या टप्प्यात तोही वितळतोच. दुसरे काहीच हाताशी नसेल तर टी-लाइटपुरता हा उपाय चालवून घ्यावा.

वातीसाठी खास मिळणारे दुहेरी चिकट स्टिकर ही माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत योग्य निवड आहे. फोमच्या पातळ गोल तुकड्याच्या दोन्ही बाजूंना उष्णता सहन करणारी चिकटवणी असते. यात महत्त्वाचे शब्द ‘उष्णता सहन करणारी’ हे आहेत. कार्यालयात वापरली जाणारी साधी दुहेरी टेप दिसायला तशीच असली तरी गरम मेणात ती लवकरच सुटते. स्टिकर चकतीच्या व्यासाएवढा किंवा किंचित लहान असावा. तो चकतीच्या बाहेर आला तर त्याच्या उघड्या कडेला मळ आणि मेण चिकटते. स्टिकर आधी चकतीला लावावा आणि बोटाने मध्यापासून कडेकडे दाबत हवा काढून टाकावी, मग दुसऱ्या बाजूचा कागद सोलून चकती भांड्यात उतरवावी. स्टिकरचा आणखी एक फायदा आहे. तो चकतीच्या खालचे भोक पूर्ण झाकतो. भोक उघडे राहिले तर मेण खालून वातीत शिरत राहते आणि मानेची जी विझवण्याची व्यवस्था वर सांगितली, ती निष्फळ ठरते. याच कारणाने फक्त चकतीच्या कडेला गोंद लावून मध्यभाग मोकळा सोडू नये. स्टिकरचे पाकीट बंद डब्यात, उन्हापासून दूर ठेवावे. जुना आणि कोरडा पडलेला स्टिकर बोटाला सहज चिकटला नाही, तर तो काचेलाही चिकटणार नाही.

ग्लू गन पुष्कळ घरांत असते आणि तिच्याने काम झटपट होते. कमी तापमानाच्या गनमध्ये ग्लू साधारण १२० अंशांना आणि जास्त तापमानाच्या गनमध्ये १९० अंशांच्या आसपास वितळतो. ही मापे ग्लू वाहता होण्याची आहेत. घट्ट झालेला ग्लू त्याच्या बऱ्याच खाली मऊ पडू लागतो, हे ध्यानात ठेवावे आणि जास्त तापमानाची गन व तिच्याच कांड्या घ्याव्यात. चकतीच्या खालच्या बाजूला मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका घेऊन लगेच, दोन-तीन सेकंदांत, चकती तळाशी दाबावी. ग्लू चकतीच्या सगळ्या कडांखालून बारीक रेघेसारखा बाहेर आला की तळ आणि चकती यांच्यात पोकळी राहिली नाही असे समजावे. काच थंडगार असेल तर ग्लू तिला स्पर्श होताच थिजतो आणि वरवर चिकटल्यासारखा वाटला तरी नखाने आख्खा उचकटून येतो. त्यावर उपाय म्हणजे भांडे आधी कोमट करून घेणे. हाताला सुखद वाटेल इतकी उष्णता पुरे. ग्लूचे लांब तंतू काचेच्या आतल्या बाजूला चिकटतात, ते वेळीच काढून टाकावेत, कारण मेण ओतल्यावर ते पांढऱ्या रेघांसारखे बाहेरून दिसतात.

उंच तापमानासाठी बनवलेले सिलिकॉन सीलंट सर्वांत भक्कम असते. यांतील अनेक प्रकार २०० अंशांहून अधिक उष्णता सहन करतात आणि घुमटासारखा किंवा खडबडीत तळ ते सहज भरून काढतात. त्याची अडचण वेळेची आहे. ते पूर्ण पिकायला साधारण २४ तास लागतात, थर जाड असेल तर त्याहून अधिक, आणि पिकताना व्हिनेगरसारखा वास येऊ शकतो. तो वास पूर्ण गेल्याखेरीज मेण ओतू नये. अनेक वातींच्या मोठ्या भांड्यासाठी किंवा पुन्हा पुन्हा मेण भरायच्या भांड्यासाठी एक दिवस थांबणे परवडते. इतर वेळी स्टिकर पुरतो.

मध्य शोधणे आणि वात बसवणे

नजरेने शोधलेला मध्य बहुतेक वेळा चुकतो, विशेषतः खोल भांड्यात, कारण वरून पाहताना डोळा नेमका मध्यावर नसतो. भांडे कागदावर ठेवून तळाभोवती पेन्सिल फिरवावी, तो गोल कापून दोनदा घडी घालावी आणि घड्या जिथे छेदतात तिथे ठळक ठिपका द्यावा. भांडे पारदर्शक असेल तर हा कागद खाली ठेवून वरून ठिपका दिसतो आणि त्यावर चकती उतरवता येते. अपारदर्शक भांड्यासाठी आतल्या तळाच्या मापाचा गोल कापून त्याच्या मध्यभागी चकतीएवढे भोक पाडावे. तो कागद तळाशी बसवून भोकातून चकती चिकटवली की मग कागद काढून घेता येतो. एकाच मापाची अनेक भांडी करायची असतील तर हा साचा पुठ्ठ्याचा करून जपून ठेवावा.

खोल भांड्यात बोटे तळापर्यंत पोहोचत नाहीत आणि वातीला धरून चकती ढकलली तर वात वाकते. त्यासाठी पोकळ नळी लागते. रिफिल काढलेल्या पेनची कडक नळी किंवा धातूचा स्ट्रॉ घेऊन त्यातून वात ओवावी, चकतीच्या मानेवर नळी नीट बसवावी आणि नळीला धरूनच सगळे खाली उतरवावे. चकती तळाला टेकली की नळी सरळ धरून दहा-पंधरा सेकंद घट्ट दाबावी, मग नळी वर काढून घ्यावी. या वेळी भांडे डोळ्यांच्या पातळीवर आणून बाजूने पाहावे. चकतीखाली एका बाजूने उजेडाची फट दिसत असेल तर त्या बाजूला नळीच्या टोकाने पुन्हा दाबावे. पारदर्शक भांडे उलटे करून तळातून पाहिले तर स्टिकर कुठे चिकटला आणि कुठे हवा राहिली हे सरळ दिसते. चिकटलेला भाग गडद आणि हवेचा भाग फिकट, चंदेरी दिसतो.

वरून आधार

तळ कितीही पक्का असला तरी वरचे टोक मोकळे राहिले तर मेण घट्ट होताना वात कलते. त्यासाठी तयार पट्ट्या मिळतात, पण मध्यभागी भोक पाडलेली आइस्क्रीमची काडी, कपड्यांचा चिमटा किंवा दोन पेन्सिली शेजारी ठेवून दोन्ही टोकांना रबर गुंडाळलेली जोडी हे सगळे तितकेच कामाचे असते. काडी भांड्याच्या तोंडावर आडवी ठेवून वात तिच्या भोकातून किंवा खाचेतून वर काढावी. भांडे अनेकदा हलवावे लागणार असेल तर काडीची दोन्ही टोके कागदी टेपने कडेला चिकटवावीत.

वात ताणून बांधण्याची इच्छा होते, पण ती आवरावी. वात फक्त सरळ उभी राहील इतकीच धरायची असते. चिकटवणीला सतत वर ओढणारा ताण मिळाला आणि त्यावर गरम मेण पडले, की स्टिकर एका कडेने हळूहळू उचलला जातो. मेणाखाली असल्याने तो उचललेला दिसतही नाही.

मेण ओतताना

मेण नेहमी गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे, थेट आचेवर नको, आणि थर्मामीटर जवळ ठेवावा. मेणाने पेट घेतल्यास पाणी मुळीच टाकू नये. आच बंद करून भांड्यावर झाकण टाकावे. ओतण्याचे तापमान मेणाच्या प्रकारानुसार बदलते. सोया मेण बहुधा ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान ओतले जाते आणि पॅराफिन त्याहून गरम. नेमका आकडा मेण विकणाऱ्याने दिलेला घ्यावा. वातीच्या दृष्टीने पाहता, त्या मर्यादेत जितके कमी तापमान चालेल तितके चिकटवणीला सोपे जाते.

धार वातीवर किंवा चकतीवर सोडू नये. भांड्याच्या कडेजवळून हळू, सलग धार ओतावी, म्हणजे मेण चकतीभोवती शांतपणे चढते. मी आधी तळाशी फक्त एक बोट उंचीचे मेण ओतून दोन-तीन मिनिटे थांबणे पसंत करतो. चकती सुटणार असेल तर ती याच वेळी सुटते, आणि एवढ्या थोड्या मेणातून ती काढून पुन्हा बसवणे शक्य असते. भरलेल्या भांड्यात ते शक्य नसते. मात्र पहिला थर पूर्ण गार होऊ देऊ नये, नाही तर दोन थरांमध्ये रेघ दिसते.

थंड होताना मेण आकुंचन पावते, पॅराफिनमध्ये तर पुष्कळच, आणि वातीभोवती खड्डा किंवा आत पोकळी तयार होते. वर साय धरली की वातीपासून थोडे दूर दोन-तीन ठिकाणी काडीने भोके पाडावीत आणि राखून ठेवलेले मेण पहिल्यापेक्षा थोडे गरम करून त्यांत भरावे. भोके पाडताना काडी तळापर्यंत नेऊ नये, ती चकतीला लागू शकते. वरची काडी मेण पूर्ण अपारदर्शक आणि घट्ट होईपर्यंत तशीच ठेवावी आणि भांडे त्या काळात सपाट जागेवरून हलवू नये. दुसऱ्या दिवशी वात ५-६ मिलिमीटर ठेवून कापावी.

एकाहून अधिक वाती

भांड्याचा व्यास साधारण ९-१० सेंटिमीटरहून अधिक असेल, तर एका वातीने कडेचे मेण वितळत नाही. त्यासाठी एकच जाड वात घालण्यापेक्षा दोन किंवा तीन मध्यम वाती बऱ्या. दोन वातींसाठी तळाच्या गोलावर मध्यातून जाणारी रेघ काढावी आणि प्रत्येक वात जवळच्या कडेपासून व्यासाच्या पाव अंतरावर बसवावी. मग दोन वातींमधील अंतर व्यासाच्या निम्मे होते आणि दोघींचा उष्णतेचा वाटा सारखा पडतो. १० सेंटिमीटरच्या भांड्यात हे माप कडेपासून अडीच आणि एकमेकींपासून पाच सेंटिमीटर येते. तीन वातींसाठी तिन्ही बाजू समान असलेला त्रिकोण आखावा. इथे चिकटवणीची जबाबदारी वाढते, कारण वाती आधीच काचेच्या जवळ असतात आणि थोड्याशा सरकण्यानेही ज्योत कडेला पोहोचते. म्हणून अनेक वातींच्या भांड्यात मी सिलिकॉनलाच पसंती देईन.

लाकडी वात पातळ पट्टीसारखी असते आणि खाचेच्या पत्र्याच्या तळात घट्ट बसवली जाते. वरून आधाराची तिला फारशी गरज नसते, पण ती वजनदार आणि रुंद असल्याने तिच्या तळाला मोठा स्टिकर किंवा दोन स्टिकर लावावेत.

तपासणी आणि दुरुस्ती

नव्या प्रकारचा स्टिकर किंवा ग्लू आणला की एक जादा भांडे केवळ चाचणीसाठी ठेवावे. त्यात वात बसवून आधी कोमट पाणी आणि ते ओतून देऊन मग ७०-८० अंश गरम पाणी भरावे, म्हणजे काचेला एकदम धक्का बसत नाही. अर्ध्या तासाने पाणी ओतून वात हलकेच बाजूला ढकलून पाहावी. चकती हलली तर ती चिकटवणी मेणबत्तीसाठी नाही. चाचणीचे हे भांडे त्याच दिवशी मेणाने भरू नये, कारण वातीत शिरलेला ओलावा जळताना तडतडतो.

खरी चाचणी मात्र मेणबत्ती शेवटपर्यंत जाळूनच होते. एका वेळी चार तासांहून अधिक न जाळता आणि प्रत्येक वेळी वात कापून, आपल्या डोळ्यांसमोर ती संपवावी. पहिल्या फेरीत पातळ मेणाचे तळे कडेपर्यंत सारखे पसरते का ते पाहावे. एकाच बाजूला कडेपर्यंत पोहोचून दुसऱ्या बाजूला घट्ट मेण राहत असेल, तर वात मध्यापासून ढळलेली आहे. या पाहणीत एक गैरसमज टाळावा. जळताना वातीचे काळे टोक एका बाजूला वळणे हा दोष नाही. १८२५ मध्ये फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी वेणीसारखी विणलेली वात आणली. तिचे टोक वळून ज्योतीच्या कडेला येते आणि तिथे जळून जाते, तर त्यापूर्वीच्या पीळदार वातींचे काजळलेले टोक सारखे कापावे लागे. वात मेणातून वर येते ती जागा मध्यावर असेल, तर वळलेल्या टोकाची काळजी करण्याचे कारण नाही.

मेण घट्ट झाल्यावर वात वरच्या भागात थोडी कललेली दिसली, तर हेअर ड्रायरने वरचा थर मऊ करून ती सरळ करता येते आणि काडी लावून पुन्हा थंड करता येते. पण पारदर्शक भांड्याच्या तळातून पाहिल्यावर चकतीच जागा सोडून गेलेली दिसली, तर वरून केलेली कोणतीही दुरुस्ती फसवी असते. असे भांडे गरम पाण्यात ठेवून सगळे मेण वितळवावे, तळ पुन्हा स्वच्छ करावा आणि नवी वात नव्या स्टिकरने बसवावी. मेण वाया जात नाही, ते गाळून पुन्हा वापरता येते. तळाशी सरकलेली वात असलेली मेणबत्ती कोणाला भेट देऊ नये आणि स्वतःही जाळू नये.

मेण तळाशी १२-१३ मिलिमीटर उरले की चकतीची मान ज्योत विझवण्याची वाट न पाहता मेणबत्ती स्वतःच बंद करावी. भांडे पुन्हा वापरायचे असेल तर गरम पाण्यात ठेवून उरलेले मेण काढावे. स्टिकर तेव्हा बहुधा चकतीसकट बोथट सुरीने उचलला जातो. सिलिकॉन मात्र ब्लेडने खरवडावे लागते. काचेवर राहिलेला चिकटपणा खाण्याच्या तेलाने सुटतो, पण त्यानंतर तळ पुन्हा साबणाने आणि अल्कोहोलने पुसल्याशिवाय पुढचा स्टिकर लावू नये.